फिलोमिना सिद्दीची माफी

शारजातल्या आमच्या हॉस्पिटलात रागावण्याचा अधिकार मोजक्या माणसांना होता. मालकांना होता, मालकांच्या बायकोला होता आणि मोठ्या डॉक्टरांना अधूनमधून. बाकी आम्ही सगळे ‘नो प्रॉब्लेम’ म्हणणारे. आपला व्हिसा ज्याच्या हातात आहे त्याच्यावर रागवायचं नसतं, हे विमानातून उतरल्या उतरल्या प्रत्येकाला समजायचं. लेबर वॉर्डातल्या सिस्टर फिलोमिना सिद्दीला ते कधी समजलं नाही, किंवा समजूनही तिनं ते गुंडाळून ठेवलं होतं. ती रोज रागवायची. रागवायला कारणही रोज असायचं, आणि ते बहुतेक वेळा खरं असायचं.

मी तिथे लॅबमध्ये टेक्निशियन होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही पुण्याहून गेलो. नवरा दुबईत एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत, घर शारजात, कारण भाडं कमी. म्हणजे नवऱ्याचं अर्धं आयुष्य दुबई-शारजा रस्त्यावर गाडीतच जायचं. पहिल्याच आठवड्यात एक उंच, भक्कम, काळीभोर सिस्टर रक्ताच्या नळ्या घेऊन लॅबमध्ये शिरली. कुरळे केस टोपीत कोंबलेले, कानात सोन्याच्या ठसठशीत रिंगा, अत्तराचा घमघमाट. मला वाटलं, केनियाची असेल नाहीतर सुदानची. मी जपून इंग्रजीत म्हटलं, “सिस्टर, प्लीज कीप इट देअर.”

“ठेवतो की,” ती म्हणाली. “पण रिपोर्ट लवकर द्या बाई. आत बाळंतीण कळा द्यायलीय.”

“अय्या, तुम्हाला मराठी येतं?”

“तुम्हालाबी येतंय की. मी विचारलो काय?”

बेळगावकडच्या बायका बोलतात तसं ती ‘मी येतो, मी जातो’ असं बोलायची. मूळची हल्याळच्या रानातली. तिचे पूर्वज कित्येक पिढ्यांमागे आफ्रिकेतून गुलाम म्हणून जहाजांत भरून आणलेले. त्यांतले काही मालकांच्या तावडीतून निसटून कारवार जिल्ह्याच्या जंगलात शिरले आणि तिथलेच झाले. त्यांना सिद्दी म्हणतात. फिलोमिना मिशनच्या शाळेत शिकली, बेळगावात नर्सिंग केलं, लग्न केलं, नवरा वारला, आणि मुलीला बहिणीकडे ठेवून ती आखातात आली. कुणी ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ असं जरा लांब सुरात विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असे. “तुमच्या पुण्यात पेठा नव्हत्या न्हवं, तवापास्नं आम्ही हितले. तुम्ही कुठले?”

तिचं हे ‘हितले’पण कुणालाच पटायचं नाही. हॉस्पिटलात येणाऱ्या अरबी बायका तिला सुदानी समजून अरबी बोलत. ती थोडंफार बोलायचीही, पण पुढे हिंदीत बोलली की त्यांना वाटे ही हिंदी शिकलेली सुदानी आहे. सुट्टीवर जाताना मुंबईच्या विमानतळावर तिला हटकून परदेशी लोकांच्या रांगेत पाठवायचे. एकदा तिथल्या अधिकाऱ्यानं भारतीय पासपोर्ट उलटसुलट बघून म्हटलं, “हिंदी बोलके दिखाओ.” फिलोमिनानं त्याला हिंदीत नाही, मराठीत सुनावलं, आणि इतकं सुनावलं की मागच्या रांगेतला कोकणातला एक गडी पिशव्या खाली ठेवून टाळ्या वाजवायला लागला. ही गोष्ट ती फार रंगवून सांगायची.

त्या काळात तिथे पगार कामाचा नसे, पासपोर्टाचा असे. गोऱ्या देशांतल्या नर्सला जास्त, मग उतरत उतरत आम्ही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण पोरासोरांनाही पाठ होतं. फिलोमिनाचं त्यावर म्हणणं असे, “पगार देताना मी इंडियन. शिव्या देताना मी आफ्रिकन. आणि पार्टी झाल्यावर कप विसळायला बाई.”

साधी, सोशिक वगैरे ती मुळीच नव्हती. चांगली नखरेल होती. नखांना रंग लावायला ड्युटीवर बंदी, म्हणून पायांची नखं लालभडक रंगवायची आणि बुटात झाकून ठेवायची. ‘मला ठाऊक आहे न्हवं, बास,’ म्हणायची. शारजातल्या रोल्याच्या बाजारात कापडवाल्याशी घासाघीस करताना मध्येच ‘यल्ला, चला बाई’ म्हणून निघून जायची आणि तो धावत मागे आला की विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघायची. पत्त्यांत धडधडीत लबाडी करायची. कधी कधी तिचा राग अगदी अन्यायाचाही असे. एकदा उशीर न झालेल्या रिपोर्टासाठी तिनं मला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं, आणि चूक कळल्यावर माफी न मागता फक्त फणसाचं लोणचं आणून ठेवलं. माफी हा शब्द तिच्या तोंडातून सहजासहजी निघत नसे.

लेबर वॉर्डाबाहेर आपले लोक ताटकळत उभे असत, त्यांचा आणि तिचा रोजचा सामना. बाळ झालं की दार उघडायचं, ती बाहेर यायची. पहिला प्रश्न, “मुलगा की मुलगी?” दुसरा प्रश्न बहुधा आजीचा, “गोरं आहे का हो?” बाळंतीण कशी आहे हा तिसरा, तोही असलाच तर. फिलोमिना पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरच द्यायची नाही. “आई बरी आहे. बाळ रडतंय झकास,” एवढं सांगून उभी राहायची. आजीनं पुन्हा रंग विचारला तर म्हणायची, “आत्ता लाल आहे. सगळीच लाल असतात. मी पण होतो.” आणि ती आत गेली की लोक आपसात कुजबुजायचे. त्यात काय कुजबुजायचे हे मी दोनतीनदा कानांनी ऐकलंय. एका शिकल्यासवरल्या बाईनं हसत हसत म्हटलं होतं, “बाळाला वेगळी तीट लावायला नको, सिस्टरनं हातात घेतलं की झालं.” आणि बाकीच्या हसल्या. मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं, तेव्हा ‘तुम्ही उगाच मनावर घेता, गंमत चाललीय’ हे उत्तर मिळालं. ह्या गमतीचा मला आजही संताप येतो.

एकदा आमच्या महिला मंडळानं महिला दिनाला तिला बोलावलं. मीच नाव सुचवलं होतं. दुबईतला एसी हॉल, समोसे, पैठण्या. ‘आपण साऱ्या भगिनी’ ह्या विषयावर तीन भाषणं झाली. शेवटी फिलोमिनानं गरोदरपणातल्या आहारावर बोलायचं होतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, “बोलतो मी. पण भगिनी अर्ध्याच आल्यात.” मग चालत जाऊन तिनं मागचं दार उघडलं. बाहेरच्या पॅसेजमध्ये सगळ्यांच्या घरच्या कामवाल्या जमिनीवर बसल्या होत्या, मांडीवर ह्यांची पोरं. एक इथिओपियाची, दोघी श्रीलंकेच्या, एक आपल्या रत्नागिरीकडची.

“ह्यांना आत बसू द्या की. ह्यांना पण पोट आहे.”

अध्यक्षीणबाई चपापल्या. “अहो, पण मुलं आत आणली तर रडतील.”

“रडू देत की. तुमचीच आहेत न्हवं?”

त्या बायका आत आल्या नाहीत. यायची हिंमतच नव्हती बिचाऱ्यांची, त्यांच्या मालकिणी बघत होत्या. फिलोमिनानं मग दारातच उभं राहून, अर्धं तोंड आत आणि अर्धं बाहेर करून, आहारावर बोलून टाकलं. पुन्हा तिला बोलावणं आलं नाही.

परतताना गाडीत ती म्हणाली, “आमच्याकडे माझा भाऊ सिद्दी लोकांच्या मीटिंगा घेतोय. हक्क पाहिजेत, दाखले पाहिजेत. चांगलंच आहे. पण मी तिथं बोलायला लागलो की म्हणतात, बायकांचं नंतर बघू. हितं बायकांच्या मीटिंगला आलो की काळ्यांचं नको, गड्याबायांचं नको, राजकारण नको. आता मी काय अर्धा जीव तिकडं पाठवू आणि अर्धा हिकडं? आणि चहा मात्र दोन्हीकडं मीच आणायचा!” पुढे कुठेकुठे मी ह्या विषयावर बरंच वाचलं. ह्यापेक्षा नवीन फार कमी सापडलं.

ह्या सगळ्या भांडखोरपणाच्या आत एकच गोष्ट तिला हवी होती. तिची मुलगी जेनी. बेळगावात मावशीकडे वाढत होती, शाळेत होती. तिथल्या नियमाप्रमाणे पुरुषाला बायको-मुलं आणणं त्या मानानं सोपं. पण बाईला मूल आणायचं तर हुद्दा वरचा हवा, पगार वरचा हवा आणि वर खास परवानगी. जुन्या इनचार्ज बाई सोडून गेल्यापासून लेबर वॉर्ड फिलोमिनाच चालवत होती, ‘ॲक्टिंग इनचार्ज’ म्हणून. ते ‘ॲक्टिंग’ निघालं की हुद्दा पुरत होता, पगार पुरत होता, जेनी येणार होती. तिनं शारजातली शाळासुद्धा बघून ठेवली होती. साहेब, म्हणजे आमचे ॲडमिनिस्ट्रेटर, मुंबईचे, गोड बोलणारे. दर वेळी म्हणायचे, “इन्शाल्ला सिस्टर, पुढच्या महिन्यात.”

अशातच मृणाल आमच्याकडे तपासायला येऊ लागली. मराठी, हसरी मुलगी, पहिलटकरीण. तिचे सासरे मोठ्या कंपनीत मॅनेजर, आणि त्या कंपनीचे सगळे कामगार-कर्मचारी आमच्याच हॉस्पिटलात यायचे. सासूबाई भारतातून आल्या होत्या सुनेच्या बाळंतपणाला. सुनेला रोज केशराचं दूध चालू होतं, बेडरूममध्ये गोऱ्यागोमट्या बाळांचे फोटो चिकटवलेले होते. इथपर्यंत ठीक, आपल्याकडे घरोघरी हेच. पण एक दिवस त्या बाई साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या आणि म्हणाल्या की त्या काळ्या सिस्टरला आमच्या सुनेच्या समोर येऊ देऊ नका. गरोदर बाईची नजर जिच्यावर पडते, तसं मूल होतं.

मला वाटलं, साहेब हसतील. साहेब हसले नाहीत. त्यांनी फिलोमिनाला लेबर वॉर्डातून काढून तळमजल्यावर, जिथे ऑपरेशनची हत्यारं उकळून निर्जंतुक करतात, तिथे पाठवलं. “टेम्पररी आहे सिस्टर. पेशंट इज किंग. तुम्ही समजूतदार आहात.”

“साहेब, माझ्याकडं बघून पोरं काळी होत असती,” फिलोमिना म्हणाली, “तर शारजा आत्तापर्यंत हल्याळ झाला असता.”

मी केबिनमध्ये जाऊन भांडले. साहेबांनी मला लॅबमध्ये लक्ष घालायचा सल्ला दिला. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, “हॉस्पिटलचं इंटर्नल मॅटर आहे, शिवाय ती फॅमिली आपल्या ओळखीची.” भूल देणारे डॉक्टर उस्मान सुदानचे होते, सज्जन माणूस. फिलोमिना स्वतः त्यांच्याकडे गेली. ते म्हणाले, “माअलेश, सिस्टर, जाऊ दे. मलाही म्हणतात. मी ऐकत नाही.” ती परत आली आणि लॅबच्या स्टुलावर धप्पकन बसली. “त्याला म्हणतात ते डॉक्टरसाहेब लावून म्हणतात. आणि त्याची बायको-पोरं आहेत हितं. त्याला ऐकू न येणं परवडतंय.”

मृणालचं सिझर झालं. फिलोमिना तिच्या आसपासही नव्हती. मुलगी झाली, आणि सावळी झाली. होणारच होती, बाप चांगला सावळा, आजोबा त्याहून. पण पेढे आले नाहीत. सासूबाईंनी दोन दिवस विचार केला आणि त्यांना आठवलं की सातव्या महिन्यात लिफ्टमध्ये ती काळी सिस्टर होती, आणि मृणाल तिच्याकडे बघून हसली होती. त्या तडक तळमजल्यावर गेल्या. हत्यारांचे ट्रे लावत असलेल्या फिलोमिनासमोर उभं राहून म्हणाल्या, “तुझ्यामुळे झालं हे. आता पोरीच्या लग्नाचं काय?”

फिलोमिनानं ट्रे खाली ठेवला. “आजी,” ती म्हणाली, “तुमच्या मुलाच्या वेळी तुम्ही कुणाकडं बघितला होता?”

तिथे उभे असलेले दोघे वॉर्डबॉय तोंड दाबून पळाले. संध्याकाळपर्यंत हे वाक्य सगळ्या मजल्यांवर पोचलं. साहेबांच्या केबिनमध्येही. साहेबांनी तिला दोन रस्ते दिले. त्या बाईंची सगळ्या घरच्यांसमोर माफी मागायची. मागितली तर झालं गेलं विसरू, इनचार्जचंही बघू, ह्या वेळी नक्की. नाहीतर व्हिसा कॅन्सल. खलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे आली. मला वाटलं, साहेबांचा उद्धार करेल. पण ती अगदी थंड होती. “मागतो माफी,” ती म्हणाली. “सॉरी म्हटल्यानं माझं काय झिजतंय? जेनी येईल. एवढं गिळलो, आणखी एक घास.” तिनं दोनतीनदा माझ्यासमोर म्हणूनही बघितलं. ‘चुकलो आजी, रागाच्या भरात बोललो.’ तिच्या तोंडी ते इतकं उपरं वाटत होतं की मीच खाली बघितलं.

मी तिच्याबरोबर गेले. खोलीत मृणाल पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. नवरा खिडकीपाशी, सासरे खुर्चीत, साहेब हात बांधून उभे. आणि सासूबाईंच्या मांडीवर ती चार दिवसांची पोर. अंगाला बेसन आणि साय चोळलेली, आणि त्या आपल्या अंगठ्यानं तिचं कपाळ, गाल, छाती घासत होत्या. रंग उजळायला. कातडी लालबुंद झाली होती. पोर इतकं रडून दमलं होतं की आता नुसतं तोंड उघडत होतं, आवाज निघत नव्हता. खोलीतल्या एकाही माणसाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

“हं, सिस्टर,” साहेब म्हणाले. “बोला.”

फिलोमिना पुढे गेली. तिनं सासूबाईंच्या मांडीवरून पोर उचललं, सरळ उचललं, परवानगी विचारली नाही. बेसिनपाशी जाऊन कोमट पाण्यात कापूस भिजवून तिचं अंग हळूहळू पुसून काढलं. कुणी हललं नाही. मग मऊ कापडात गुंडाळून तोंडासमोर धरलं आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “माफ कर गं बाई. चुकलं. तुझी माफी मागतो मी. ह्या खोलीत तेवढी एकटीच आहेस तू माफी मागण्यासारखी.”

पोर मृणालच्या कुशीत ठेवून ती बाहेर पडली. मृणालनं त्या चार दिवसांत पहिल्यांदा तोंड फिरवलं आणि पोरीला छातीशी घट्ट धरलं. सासूबाई काहीतरी ओरडत होत्या. साहेब त्यांना ‘सॉरी मॅडम, व्हेरी सॉरी’ म्हणत होते. माफी मागायला अखेर एक माणूस मिळाला होता.

तिचा व्हिसा रद्द व्हायला वेळ लागला नाही. बाकी कामांना तिथे ‘इन्शाल्ला’ असायचं, ह्याला नव्हतं. आम्ही नवरा-बायको तिला विमानतळावर सोडायला गेलो. सामान चेक-इन झाल्यावर तिनं तिथल्या फोनमध्ये कार्ड घातलं आणि बेळगावला फोन लावला. मी शेजारीच उभी होते.

“जेनी? मीच. ऐक की. तू येऊ नको. मी येतोय... होय, कायमचं... नाही, शाळा तिथलीच... कुणी काढलं नाही गं. मी भांडलो.” मग पलीकडून बराच वेळ काहीतरी विचारणं चाललं असावं. फिलोमिना ऐकत राहिली. “नाही,” ती शेवटी म्हणाली. “जिंकलो नाही.”

फोन ठेवला आणि तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, कोपऱ्यात जाईल, रुमाल तोंडाला लावेल. तिनं तसलं काही केलं नाही. भर हॉलमध्ये, पाठ ताठ ठेवून, ती तोंड उघडून मोठमोठ्यानं रडत आत जायच्या रांगेत उभी राहिली. पुढच्या-मागच्या रांगांतली माणसं वळून वळून तिच्याकडे बघत होती. आपले लोक, अरब, गोरे, एक पोटुशी बाईही. मी तिला म्हटलं, “फिलोमिना, सगळे बघतायत.”

“बघू देत,” ती म्हणाली, आणि तशीच रडत, मान वर करून पुढे सरकली.